चौकटराव

पापनाशम दोन आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. कमल हासनचा २०१५ सालचा त्याच नावाचा सिनेमा घडतो ते. दुसरं तंजावर आणि कुंभकोणमच्या मध्ये, कावेरीच्या सपाट भातपट्ट्यात. मला आमंत्रण होतं दुसऱ्याचं, आणि मी चेन्नईत बसून चौकशी करत होतो पहिल्याच्या बसची. “रात्री निघालो तर सकाळी अंबासमुद्रमला उतरतो,” असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग खोल आवाजात प्रश्न आला, “आपण कोठली आवृत्ती पाहत आहात?”

चौकटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. चेन्नईतल्या आमच्या शनिवारच्या टोळक्याने ते ठेवलेलं. ‘राव’ तेवढं जन्मजात, तंजावरी मराठी माणसाच्या नावामागे ते बहुधा असतंच. ‘चौकट’ मात्र स्वकष्टार्जित. नोकरी एका विमा कंपनीत, दाव्यांच्या छाननीची. म्हणजे दिवसभर बारीक टाइपातली कलमं वाचायची आणि लोकांना ‘ही तरतूद आपणांस लागू होत नाही’ असं नम्रपणे कळवायचं; आणि शनिवारी संध्याकाळी हेच काम राक्षसांच्या बाबतीत करायचं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, ‘समोर दार आहे, आत कुणीतरी घोरतंय.’ आपण काय करणार ते आपण सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा, वीस बाजूंचा. झाला खेळ. कीर्तनासारखा यालाही पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. चौकटरावांच्या टेबलावर पूर्वरंग पाच मिनिटांत उरकतो. दार उघडलं की उत्तररंग, म्हणजे मारामारी, आणि तिथून पुढे घड्याळाकडे बघायचं नाही.

असा माणूस प्रत्येक खेळात असतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट भिंतीवरून धरायचा की नाही’ यावर संध्याकाळ घालवणारा. पत्ते पिसण्याआधी ‘मेंढीकोट कसा मोजताय ते आधी ठरवा’ म्हणणारा. आमच्या आजोबांच्या बुद्धिबळाच्या अड्ड्यावर तर प्यादं पहिल्या चालीत एक घर की दोन, म्हणजे देशी की विलायती, यावर दोन सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. या जातीच्या माणसाला जिंकायचं नसतं. आपण हरलो ते नियमाप्रमाणे हरलो, एवढा दाखला हातात पडला की त्याला शांत झोप लागते.

चौकटरावांचं वेगळेपण एवढंच, की त्यांच्या खेळाला पन्नास वर्षांत इतक्या आवृत्त्या झाल्या आणि प्रत्येकीत मारामारीचे नियम इतके बदलले, की हा आजार वाढायला भरपूर वाव मिळाला.

त्यांची मराठीही अशीच आवृत्तीवाली. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं. त्यांच्या काळात आणि पुढच्या राजांच्या पदरी जी कुटुंबं इकडे आली, त्यांच्यापैकी एका घरातले हे. राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं. भाषा घरात राहिली. अर्धी तमिळमध्ये मुरलेली, आणि उरलेली अर्धी चौकटरावांनी सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या जुन्या पोथ्यांवरून घासून लख्ख केलेली. त्यामुळे ते ‘कोठे’ म्हणतात, ‘मजला’ म्हणतात आणि ‘फासे टाकण्याचे करावे’ अशी आज्ञा देतात. एकदा पुण्यात आमच्या घरी एका काकांनी त्यांना, “तुमची मराठी जरा वेगळीच आहे हो,” असं ऐकवलं. चौकटराव हात जोडून म्हणाले, “आमची पहिली आवृत्ती, काका. आपण नंतर सोपी केलीत.”

तर मार्गळी महिन्यात, पोंगलच्या आधीच्या आठवड्यात, मी योग्य त्या पापनाशमच्या स्टेशनावर उतरलो. घर जुन्या बांधणीचं: बाहेर ओटा, आत मधोमध उघडा चौक, लाकडी खांब आणि साखळ्यांवर टांगलेला झोपाळा. अम्मांनी, म्हणजे त्यांच्या ऐंशीच्या आसपासच्या आईंनी, पितळी डबऱ्यात फेसाळलेली कॉफी दिली. चौकटरावांनी कॉफी संपू दिली, मग मला माजघरात नेलं आणि एक पत्र्याची ट्रंक उघडली. वर कडुलिंबाचा पाला. खाली पुस्तकं, थर लावून. ही ट्रंक मुळात अम्मांच्या रेशमी लुगड्यांची. लुगडी आता कुठे असतात ते मी विचारलं नाही.

सगळ्यात खाली, एका मित्राने परदेशातून आणलेल्या प्रती: १९७४च्या तीन छोट्या पुस्तिका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांची करामत, छापल्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावी. लढाईसाठी त्या वाचकाला गायगॅक्सच्याच ‘चेनमेल’ या सैनिक-खेळाच्या नियमांकडे पाठवतात आणि वर वीस बाजूंच्या फाशाची एक पर्यायी पद्धतही देतात. पुढे पर्यायच मुख्य झाला. नुकसान सगळ्या हत्यारांचं सारखंच, एक सहाबाजू फासा. खंजीर खुपसा की परशू घाला. “भाबडी माणसे,” चौकटराव म्हणाले आणि पुस्तिका तान्ह्या मुलासारख्या परत ठेवल्या.

त्यावरचा थर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’चा, १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत निघालेली तीन जाडजूड पुस्तकं. इथे भाबडेपणा संपला. लढाईची फेरी एक मिनिटाची, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे. प्रत्येक शस्त्राला वेगाचा आकडा: खंजिराला दोन, दोन हातांनी पेलायच्या तलवारीला दहा. शिवाय कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालतं याचा तक्ता, आणि लांब दांड्याच्या भाल्याबरच्यांचे इतके प्रकार, की लेखकाच्या घरात त्यांचं गोदाम असावं. बहुतेक टेबलांवर तो तक्ता कुणी वापरलाच नाही. चौकटरावांना तो पाठ आहे. ते एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या शस्त्रागारातली शस्त्रं आहेत, आणि तिथे एका रविवारी मी त्यांना कट्यारीच्या काचेच्या कपाटासमोर वही घेऊन उभं पाहिलं आहे. पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा ते म्हणाले, “हिच्या वेगाचा आकडा काढतो आहे.” पहारेकरी बाजूला झाला. पुरातत्त्व खात्याचा माणूस समजला असणार.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीपाशी ते फार रेंगाळले नाहीत. तिथला ‘थॅको’, म्हणजे वार लागला की नाही ते ठरवायचा आकडा, समजायला लोकांना एक जन्म कमी पडतो म्हणतात. चौकटरावांच्या मते तो शाळेतल्या नंबरासारखा आहे. पहिला नंबर दहाव्यापेक्षा भारी, तसं कमी आकड्याचं चिलखत भारी. फक्त या वर्गात शून्यावा नंबर असतो आणि त्याच्याही पुढे वजा दहापर्यंत हुशार मुलं बसलेली असतात.

तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकावर मात्र त्यांनी हात फिरवला. सन २०००. मूळची टीएसआर कंपनी तीन वर्षं आधी विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. आता आकडा जितका मोठा तितकं चिलखत भारी. थॅकोवाल्यांनी डोक्याला हात लावला. आणि आला चौकोन. एक इंच कागदावर, पाच फूट खेळात. फेरी सहा सेकंदांची. याच आवृत्तीने तो नियम घट्ट बसवला ज्याला चौकटराव ‘संधीचा वार’ म्हणतात. तुम्ही शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून चालत निघालात, की त्याला एक वार फुकट.

हा नियम मला कुठेतरी ओळखीचा वाटला आणि मग उमगलं. लग्नघरात मावशींच्या खुर्चीसमोरून न थांबता पुढे गेलात, तर मावशींना एक वाक्य फुकट मिळतं: “ओळख विसरलास वाटतं!” तुमची पाळी असो वा नसो. यातून सुटायचा मार्गही त्या आवृत्तीने दिला आहे, पाच फुटांचं पाऊल. एकच चौकोन, हळूच, चेहऱ्यावर हसू ठेवून सरकायचं. मावशी काही म्हणू शकत नाहीत. मी हे स्पष्टीकरण दिलं तेव्हा चौकटरावांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “मावशींचा टप्पा पाच फूट की दहा?”

कुस्तीबद्दल मी मुद्दाम विचारलं नाही. २००३च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत नुसतं एखाद्याला मिठी मारून धरायचं तर चार पायऱ्या आहेत, आणि पहिल्याच पायरीवर समोरचा तुम्हाला संधीचा वार करू शकतो. आमच्या टोळक्यात दोन वर्षांत कुणी कुणाला मिठी मारलेली नाही.

आता चौथी. ट्रंकेत हिच्यासाठी वेगळं फडकं आहे, अम्मांच्या लुगड्याचं. २००८ साली आलेली ही आवृत्ती म्हणजे सगळा हिशेब चौकोनांत: ढकला दोन चौकोन, ओढा एक चौकोन, सरकवा तीन. प्रत्येक पात्राचे डावपेच तीन भागांत, कधीही वापरायचे, एका चकमकीत एकदा, दिवसातून एकदा. तिरकी चाल सरळ चालीइतकीच मोजायची, त्यामुळे आगीचा गोळा फुटतो तो चौकोनी. खेळाडूंनी बोंब मारली, की हा खेळ गोष्टीचा राहिला नाही, कॉम्प्युटरवरच्या लढाईसारखा झाला. सहा वर्षांत ती गुंडाळली गेली. आणि ज्या दिवशी गुंडाळली गेली त्या दिवसापासून चौकटराव तिचे झाले. लोकांनी सोडलेल्या गोष्टीवर त्यांचा जीव लवकर जडतो. मी एकदा म्हटलं, “चौकोनी आगीचा गोळा पटत नाही.” ते म्हणाले, “सारीपाटाच्या पटावर कधी गोल घर पाहिलेत?” मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

२०१४ची पाचवी सगळ्यात खपणारी. आकड्यांची बेरीज-वजाबाकी कमी करून तिने एक सोपी युक्ती आणली: परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर दोन फासे टाका आणि मोठा धरा, विरुद्ध असेल तर लहान धरा. चौकोन ऐच्छिक. डोळ्यांसमोर चित्र आणा आणि खेळा. चौकटराव हिला ‘मनोराज्य’ म्हणतात आणि त्यांचा चेहरा, विम्याच्या अर्जात ‘अपघात कसा झाला’ या रकान्यासमोर नुसतं ‘अचानक’ लिहिलेलं दिसावं, तसा होतो. पण २०२४च्या सुधारित पुस्तकात प्रत्येक हत्याराला पुन्हा वेगळी खुबी आली. कुऱ्हाडीने पाडता येतं, कशाने ढकलता येतं. ते पान त्यांनी मला दोनदा दाखवलं. “अखेर वेगाच्या आकड्याच्या गल्लीत परतले,” ते म्हणाले. “पन्नास वर्षे लागली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौकात खेळ मांडला. खेळणारे चार: मी योद्धा, त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा जादूगार, कायदा शिकणारी भाची चोर, आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पुरोहित. पोस्टमास्तरांना तमिळ आणि इंग्रजी येतं, खेळ येत नाही; पण चौकटरावांना चौथा खेळाडू लागतोच, कारण नियमात चार खेळाडूंच्या ताकदीचा हिशेब धरलेला आहे.

पट म्हणजे अम्मांची रांगोळी. मार्गळीत तिकडे दारोदारी मोठमोठे कोलम घालतात, आधी ठिपके मग रेषा. अम्मांच्या हातचे ठिपके मोजपट्टी लावल्यासारखे समांतर पडतात. मुलाच्या हट्टापायी त्यांनी चौकात एकोणीस बाय एकोणीस ठिपके घातले, आणि त्यावर चौकटरावांनी तांदळाच्या पिठानेच भिंती ओढल्या. गोष्ट जवळच्याच तिरुप्पालैतुरैच्या देवळातली. तिथे नायक राजांच्या काळातलं, तिकडच्या मापाने ३००० कलम भात मावेल असं शंकूसारखं कोठार खरोखरच आहे. चौकटरावांनी त्याच्या तळाशी सहा गॉब्लिन आणि एक ओगर ठेवला होता. गॉब्लिन म्हणजे चिंचोके. ओगर म्हणजे नवरात्रातल्या कोलूच्या पेटीतून काढलेला तंजावरी बाहुला, मिशाळ राजा. बूड गोल आणि जड, वरचं अंग हलकं. कितीही आडवा करा, डुलत डुलत उभा.

आमची चूक तिथेच झाली.

चिंचोके पहिल्या तासात निम्मे झाले. भाची भिंतीकडेने सरकताना संधीच्या वाराचे दोन खटले झाले. एक ती जिंकली, कारण तिने पुस्तकातलं वाक्य ‘टप्प्यातून बाहेर पडल्यास’ असं आहे, ‘टप्प्यात हिंडल्यास’ असं नाही, हे दाखवून दिलं. चौकटरावांच्या डोळ्यांत त्या वेळी जे पाणी तरळलं ते पराभवाचं नव्हतं. पोस्टमास्तर झोपाळ्यावर बसल्या बसल्या पेंगले. त्यांची पाळी आली की भाचा त्यांच्या हातात फासा ठेवायचा, ते डोळे न उघडता टाकायचे, वीस पडायचे.

मग माझी पाळी. मी कुऱ्हाड घातली, लागली. २०२४च्या नियमाने ओगरने तग धरायचा फासा टाकायचा. त्याला तीन पडले. “पडला,” चौकटराव म्हणाले आणि त्यांनी बाहुला बोटाने आडवा केला.

बाहुला उठला.

पुन्हा आडवा केला. पुन्हा उठला, आणि उठून मिशीसकट आमच्याकडे बघून मान डोलवत राहिला. भाचा हसला. चौकटराव हसले नाहीत. ट्रंक चौकात आली. तिसऱ्या आवृत्तीत पडलेल्याने उठायचं तर एक हालचाल खर्च होते, वर आजूबाजूच्यांचे संधीचे वार झेलावे लागतात. चौथीतही एक हालचाल जाते. पाचवीत निम्मा वेग जातो. पण हे सगळं त्याच्या पाळीत. हा गडी तर पाळी माझी चालू असताना उठला होता, विनामूल्य. मी म्हटलं, बोटाने दाबून धरू. चौकटरावांनी विचारलं, बोट कुणाच्या बाजूचं? भाचीने सुचवलं, बुडाखाली ओल्या पिठाचा गोळा लावावा. तो ‘दलदल’ ठरतो आणि दलदलीचा नियम सगळ्यांनाच लागू होतो, असं निघालं. एवढ्यात भाच्याने दाखवलं की कोठाराची पूर्वेकडची भिंत गेली आहे. मुंग्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात भिंतीचा एक कण होता. तिथे आता साधारण तीन चौकोनांचं दार झालं होतं आणि उरलेले गॉब्लिन त्यातून पळू शकत होते. चौकटरावांनी राक्षसांचं पुस्तक काढलं. कीटकांच्या झुंडीचे नियम त्यात आहेत. मी कपाळावर हात मारला.

चाळीस मिनिटांनी निकाल लागला, उभं राहून वाचलेला: “हा ओगर तंजावरचा आहे. यास आडवा करण्याची तरतूद कोठल्याही आवृत्तीत नाही.”

मध्ये कॉफी झाली. कॉफीत इतिहास झाला. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत आले, कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला सावत्र भाऊ व्यंकोजीराजे त्यांना भेटले, वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवर बोलणं अडलं, आणि एका रात्री व्यंकोजीराजे गुपचूप छावणी सोडून नदीपार निघून गेले. महाराष्ट्रात हा प्रसंग ज्या सुरात सांगतात तो आपल्याला ठाऊक आहे. चौकटरावांचा सूर निराळा. “आमच्या राजांनी पूर्ण पाळी खर्च करून टप्प्याबाहेर माघार घेतली,” ते म्हणाले. “त्यावर संधीचा वार लागत नाही. महाराजांनीही केला नाही. दोघेही नियमाप्रमाणे वागले.” साडेतीनशे वर्षांचा घरगुती वाद इतक्या शांतपणे निकालात निघालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

हे सगळं चालू असताना अम्मा ओट्याच्या पायरीवर बसून होत्या. कंटाळल्या असाव्यात. त्यांनी खडूने पायरीवर एक त्रिकोण काढला, त्याच्या शेंड्यातून रेषा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा. आडु पुलि आट्टम, शेळ्या आणि वाघ. वाघ तीन, शेळ्या पंधरा. वाघाने उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघाची वाट बंद करायची. वाघ तीन कवड्या, शेळ्या आमच्यातलेच मेलेले गॉब्लिन अधिक पेटीतले काही चिंचोके. त्यांनी मुलाला बोलावलं. वाघ त्याला दिले.

चौकटरावांनी बसण्याआधी विचारलं, “पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकतो, की सहा?”

“मी बसले आहे तोवर पाच,” अम्मा म्हणाल्या.

नियम कुठे लिहिला आहे, हे त्यांनी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बारा मिनिटांत तिन्ही वाघ एका कोपऱ्यात कोंडले गेले. दोनच शेळ्या गेल्या. पुस्तक उघडायची गरज पडली नाही, कारण पुस्तक समोर बसून पान चावत होतं.

पुस्तक मोठं की पंच, हा वाद तसा डंजन्स अँड ड्रॅगन्सहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धाचा खेळ बसवला, फासे आणि तक्त्यांसकट. पन्नासएक वर्षांत तक्ते इतके साचले की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या दुसऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, तक्ते टाका, अनुभवी पंच म्हणेल ते खरं. त्याने ते पुस्तक लिहून सांगितलं. अम्मांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मी चौकटरावांना हे सुनावलं तर म्हणाले, “पंच अम्मांसारखा असेल तर मान्य. पण कंपनीने प्रत्येक डब्यात एक अम्मा घालावी ना. ते परवडेना म्हणून तक्ते.” या एका वाक्यासाठी मी त्यांना त्या दिवसाच्या पाच तासांची माफी दिली.

कारण पाच तासच झाले होते. सव्वाचारला शेवटचा चिंचोका उचलला गेला. मी फेऱ्या मोजल्या, चार. सहा सेकंदांची एक, म्हणजे खेळातल्या घड्याळाने आमची लढाई चोवीस सेकंद चालली. ओगर वाटाघाटीने शरण आला, उभ्यानेच.

संध्याकाळी आम्ही गावातल्या एकशे आठ शिवलिंगांच्या देवळात गेलो. खर-दूषण आणि त्यांच्या राक्षसांना मारल्याचं पाप फेडायला रामाने ही लिंगं स्थापली, आणि पाप गेलं म्हणून गाव पापनाशम, अशी तिथली कथा आहे. रांगेने मांडलेल्या लिंगांसमोरून आम्ही चालत होतो. चौकटरावांचे ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र. देवळाबाहेर चपला घालताना ते म्हणाले, “वाल्मीकींप्रमाणे राक्षस चौदा हजार, वेळ दीड मुहूर्त. म्हणजे बहात्तर मिनिटे, सातशेवीस फेऱ्या. फेरीला साधारण साडेएकोणीस पडतात.”

“मग?”

“तिसऱ्या आवृत्तीत बसत नाही. पाचवीत तर नाहीच.” ते थांबले. चेहऱ्यावर, गहाळ झालेली पावती सापडावी तसा आनंद पसरला. “ते सगळे मिनियन होते. एका घावात मरणारे. हा नियम फक्त चौथ्या आवृत्तीत सापडतो!”

वाल्मीकी आपल्या बाजूने आहेत हे कळल्यावर ते घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री त्यांनी चौथ्या आवृत्तीच्या फडक्याची घडी नव्याने घातली.

तुम्हाला कधी त्यांच्याकडे खेळायला जायचं असेल तर जरूर जा, कॉफी उत्तम मिळते. तंजावरजवळचं पापनाशम धरा, सकाळी अकराच्या आत पोचा, आणि परतीचं तिकीट त्या दिवसाचं काढू नका. बाहुला आडवा करण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.